पट्टीत बसणारा शब्द

हे मी सांगायचं नाहीये खरं तर. बाबांनी बजावलंय — चौकशीच्या मॅडम आल्या तर खुर्ची द्यायची, पंखा लावायचा आणि गप्प राहायचं. खुर्ची दिली, पंखा लावला. बाबा मागे फ्लेक्स छापायच्या मशीनवर आहेत, त्या आवाजात काही ऐकू जात नाही त्यांना. पाणी नको म्हणालात ते बरं केलंत, वस्तीतलंच आहे ते.

चौकातला तो लाल पट्टीचा बोर्ड बघितलात? 'विकासविरोधी नर्सबाई नको!' — आमच्याच मशीनवर छापलाय. आणि नर्सबाई कोण? माझी सख्खी आत्या. हो, बाबांची धाकटी बहीण! सभेत ती काय म्हणाली होती? एवढंच, की दवाखान्याच्या रजिस्टरात दोन महिन्यांत काविळीची तेवीस मुलं आहेत, रंगाच्या कारखान्यामागचं पाणी तपासा. कारखाना बंद करा म्हणाली? नाही. तपासा म्हणाली. आणि आता दूधवाला मला विचारतो, "तुझी आत्या नक्की कुणाच्या बाजूची गं?" बाजू! तेवीस पोरं पिवळी पडलीत आणि ह्यांना बाजू हवी. ज्यांची पोरं आजारी आहेत ना, कारखान्यात कामाला जाणारे, तेसुद्धा त्या बोर्डाखाली उभे राहून फोटो काढतात. शिसारी येते मला. आणि शुक्रवारी तिच्या बदलीचा कागद निघणार — तुमच्या सहीने, हो ना? खाली काय बघता, मला ठाऊक आहे.

आमच्या कॉम्प्युटरवर एक फाइल आहे, 'तयार शब्द' नावाची. विकासविरोधी, गरीबविरोधी, विकाऊ, अफवाखोर — दोन्हीकडची गिऱ्हाइकं तेच शब्द नेतात, आम्ही फक्त फोटो बदलतो. आता ज्या पुढाऱ्याने हा बोर्ड लावलाय ना, गेल्या निवडणुकीत 'विकासविरोधी' हाच शब्द त्याच्याच फोटोखाली होता, शप्पथ! बाबा म्हणाले होते, "बरंय, टायपिंग वाचलं." मीही हसले होते तेव्हा.

पण ह्या वेळी पुढाऱ्याचा माणूस तो शब्द घेऊन आलाच नव्हता. त्याच्या चिठ्ठीत होतं, 'नर्सबाईंनी आधी रजिस्टर दाखवावं, मग बोलावं.' कळलं ना? दाखवावं! तिने दाखवलं असतं — त्याच दिवशी, चौकात, एकेक पान उलटून. पण एवढं लांब वाक्य पट्टीत मावेना, आणि अक्षर बारीक केलं तर लांबून दिसत नाही. बाबा जेवायला गेलेले. मग कुणीतरी ती फाइल उघडली — कुणीतरी म्हणजे कुणी? दुकानात मीच होते. बरोब्बर बसला, मॅडम, बोटभरही जागा उरली नाही. आत्याचा विचार केला मी? नाही, पट्टीचा केला. तो माणूस म्हणाला, "पोरगी हुशार आहे हो!" आणि मला — मला बरं वाटलं. एरवी कोण म्हणतं मला असं? आत्या अजून विचारते, "कुणाच्या डोक्यातून निघालं असेल गं हे?" आणि मी मान खाली घालून तिच्याकडून वेणी घालून घेते. कारखान्याचं पाणी परवडलं, माझ्यापेक्षा.

चिठ्ठ्या आम्ही फेकत नाही, त्या खिळ्याला टोचून ठेवतो. तुमच्या मागेच — थांबा, मशीन बंद झालं का?

"ए ठमे, कुणाशी बोलतेयस? ये इकडे, रोल धर!"

आले बाबा, कुणाशी नाही! — मॅडम, वरून तिसरी, निळ्या पेनातली. फाडू नका, हळू काढा. आणि सही करायच्या आधी एकदाच आत्याला म्हणा, रजिस्टर दा—