समानता कक्षाची कोरी वही

—तेच सांगतोय मॅडम, वही कोरी आहे ती कोरीच आहे. दोन वर्षांत एक तक्रार नाही, ना कर्मचाऱ्याची, ना नागरिकाची. तपासणीला येणार म्हणून मी पानं फाडली असं वाटत असेल तर मोजून बघा, आकडे छापलेत पानांवर. तुम्ही बसा ना. मी उभाच बरा — एकदा बसलं की उठायला... कंटाळा येतो हो.

नियम काय? ती बघा पाटी — तक्रार स्वतः येऊन, वहीत, सहीनिशी. आणि वही इथे, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट? मंजूर आहे लिफ्ट, कधीचीच मंजूर आहे. आता जिन्याची तक्रार करायला जिनाच चढायचा, कळतं मला, पहिल्यांदा मलाही हसू आलं होतं. कोणी येतच नाही असंही नाही. ती शिंपीणबाई यायची की, कुबड्या घेऊन. तिची तक्रार हीच, की परवान्याची खिडकीही याच मजल्यावर; म्हणून खाली जिन्याशी उभी राहून हाक मारायची — भाऊ, वही तेवढी खाली आणा. जायचो ना मी, चार-पाचदा गेलो. त्या तक्रारी जुन्या वहीत, ही नवी. मग जमेना. कामं काय कमी असतात? शिपायाला सांगितलं, म्हणावं साहेब मीटिंगमध्ये आहेत. तरी तासतासभर थांबायची. इथून दिसायची — मग मी खिडकी लावून घ्यायला लागलो.

दगड नाही हो मी. आमचा भांडारपाल, सोन्यासारखा माणूस, हात थरथरायला लागले म्हणून त्यानं अपंगांच्या सवलतीचा फॉर्म भरला. हक्काचाच होता. आठवड्यात त्याला तळघरात धाडलं, जुन्या दप्तरांत — 'त्याच्या सोयीसाठी'. आदेश मीच टाईप केला, याच टेबलावर. आता चहाला हाक मारायलाही तिकडे कोणी उतरत नाही. आणि बायको रोज डोकं खाते, तुम्हीही सांगून टाका एकदाचं, सगळ्यांच्या आधी येऊन कठडा धरून चढता, सगळे गेले की उतरता — म्हणजे, तिचं आपलं काहीतरी. गुडघा आहे, दुखतो थोडा. दीड वर्ष राहिलंय नोकरीचं. झाकली मूठ राहू दे की तेवढी.

काय लिहिताय? अपंग कर्मचारी एकच, मॅडम. भांडारपाल. एकच लिहा.

कोण आलंय खाली? शिंपीणबाई? तुम्ही बोलावलंत तिला. आणि वही घेऊन मी यायचं, आत्ता, तुमच्याबरोबर. बरोबर आहे. तुमचं बरोबरच आहे. वही तुम्हीच घ्या ना, हलकी आहे. नको, हात नका देऊ, बाहेर सगळे बसलेत.

तुम्ही व्हा पुढे, मॅडम. आलोच मी. व्हा ना तुम्ही पुढे.