नवसाचा शुक्रवार आणि देवघरातली घंटी

माझ्या नवसाची गंमत तुम्हाला सांगायचीच राहिली. आमची सायली शाळेच्या फुटबॉल संघात निवडली गेली, तर पाच शुक्रवार दिवेलागणीपर्यंत मौन धरेन, असं मी देवीला बोलले होते. निवड झाली. पण इथे कुवेतला सुट्टी शुक्रवारची, म्हणजे सामनेही शुक्रवारीच, हे माझ्या डोक्यातच आलं नाही!

पहिल्याच सामन्याला सायली गोलकीपर. आदल्या दिवशी म्हणाली, "आई, मला जाम टेन्शन आलंय. तुझा आवाज आला पाहिजे हं." आता आवाज कुठून आणू? म्हणून देवघरातली घंटी पर्समध्ये टाकली.

फाटकावर पीटीच्या सरांनी ती काढून घेतली. "आंटीजी, ढोल, सीटी, घंटी, कुछ नहीं चलेगा. सिर्फ मुँह से चिल्लाइए."

मी ओठांवर बोट ठेवून मान हलवली. आमचे हे हसू दाबत म्हणाले, "सर, इनको आज वही मना है."

शेवटच्या मिनिटाला पेनल्टी. सायलीने वळून माझ्याकडे पाहिलं. पोरीचा चेहरा अगदी एवढासा झाला होता. मला राहवलंच नाही. "सायलेऽऽ, घाबरू नकोस गं, मी आहे!"

अख्खं मैदान माझ्याकडे बघायला लागलं. आणि सायलीने चेंडू पोटाशी कवटाळला.

मी तिथेच हात जोडून देवीला सहावा शुक्रवार कबूल केला. निघताना सरांनी घंटी माझ्या हातात ठेवली.

"आंटीजी, अगली बार घंटी ही बजाइए."