उजवा गोल मोठा

तुम्ही हसाल, पण दोन गोलांनी माझी झोप उडवली होती. सोसायटीतल्या आयांच्या ग्रुपवर चित्र आलं. दोन केशरी गोल, डाव्याभोवती मोठाले गोल, उजव्याभोवती बारके. खाली लिहिलं होतं, मुलांना विचारा, मोठा कोणता? "आमच्या पिल्लाला लगेच कळलं, उजवा," असं प्रत्येकीने लिहिलं. आमची पाच वर्षांची मीरा म्हणाली, "सारखेच आहेत."

सासूबाई अहिराणीत म्हणाल्या, "पोरले काहीच व्हयेल नही," म्हणजे पोरीला काहीच झालेलं नाही. धुळ्यातल्या डॉक्टरांनीही हसून परत पाठवलं, म्हणून मी तिला जळगावला डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं.

त्यांनी चित्रावर पट्टी ठेवली. गोल खरंच सारखे निघाले. "डोळे उत्तम आहेत," ते म्हणाले. "आपला मेंदू शेजारी कोण आहे ते बघून माप ठरवतो, म्हणून बारक्यांमधला गोल आपल्याला मोठा वाटतो. लहान मुलांना ती सवय अजून पुरती लागलेली नसते."

मी हळूच विचारलं, "मग बाकीच्या मुलांना कितव्या वर्षी लागते? आमची मागे नाही ना पडली?"

मीराने माझा हात धरला.

"आई, घाबरू नको. उद्यापासून मी उजवा मोठा म्हणेन."