जरा लंगडत जा

घरपट्टीच्या रांगेत एका शिंपीणबाईंच्या पुढे एक निवृत्त सैनिक आणि त्याची मुलगी उभे होते.

"बाबा, खिडकीपर्यंत जरा लंगडत जा."

"का गं?"

"जखमी सैनिकांना घरपट्टी माफ आहे. तुम्ही इतके ताठ चालता, पाय खोटा आहे हे कुणाला पटणार?"

"दाखला आहे की."

"गेल्या खेपेला दाखला बघूनही नाक मुरडलंच ना त्यांनी?"

"असं ताठ चालायला शिकताना किती वेळा पडलो, आईला विचार तुझ्या."

"ठाऊक आहे, बाबा. एवढ्या वेळी ऐका माझं."

नंबर आला. म्हातारा लंगडत गेला. कारकुनाने वर न बघताच शिक्का मारला.

"झालं काम. चला, बाबा."

"लंगडत, की नीट?"

शिंपीणबाई उगाचच पिशवीत काहीतरी शोधू लागल्या.