घाटात शेठची लॉरी

कसाऱ्याच्या घाटात बंद पडलेल्या गाड्या ओढायला आमचा एक जुना ट्रक होता, तेव्हाची ही गोष्ट. चालवायचा माझा थोरला भाऊ, दादा. आता तो नाही.

एकदा शहापुरात त्याने गिअरबॉक्ससाठी चेपलेल्या डब्यांतलं स्वस्त तेल उचललं. डब्यावरचा तेलाचा नंबर हवा तोच होता, सील शाबूत होतं. तरी दुकानदार शेठ म्हणाला, "भारीतलं घे. ह्या तेलानं घाटात गिअर जळंल, धंदा बसंल तुजा."

"बघू, शेठ."

आठवड्यातच घाटात शेठचीच भरलेली लॉरी बंद पडली. दादाने ती साखळीने जोडली आणि शेठला शेजारी बसवलं. निम्म्या चढावर शेठने विचारलं, "तेल कंचं घातलंस रे?"

"तुमी नको म्हनालात तेच. उतरता का?"

शेठ जागचा हलला नाही. घाटमाथा आल्यावर म्हणाला, "ते डबे तुला स्वस्तात द्यायला नको होते."