कांदा फोडणारी मुलगी

त्या दिवशी बुधवार होता, सर, दुकान असंच उघडं — बसा ना, त्या स्टुलावर बसा, कॅसेट कुठं पळून जात नाही — आणि मी परत आलेल्या कॅसेटा रिवाइंड करत होतो. लोक बघतात आणि तशीच आणून देतात, उलटी फिरवायचं काम आमच्याकडं. एक मशीनमध्ये फिरत होती, तेवढ्यात शेजारचे एसटीडीवाले लालासाहेब दारात येऊन उभे राहिले. म्हणलं, काय ओ? तर म्हणाले, जवाहरशेठ, मेढ्याहून फोन आहे, ब्राह्मी शिकवते त्या शाळेतून, तिची जीप घाटात दरीत गेली. मी काय केलं सांगू? कॅसेट पूर्ण फिरेपर्यंत थांबलो. खट् झालं, मग उठलो. तिला जाऊन दोन वर्षं झाली. थांबलो कशाला, ते अजून कळत नाही.

हां, तुमचं काम. गॅदरिंगला हाच सिनेमा पाहिजे म्हणता, मुलं पोट धरून हसतात — हसणारच. साताऱ्यात तर शूटिंग झालं त्याचं. कॉलेजची पोरं, मोटारसायकली, हिरो गोरा, हिरॉइन गोरी, आणि हसायला म्हणून खेड्यातली एक पोरगी. असतेच एक. काळी पाहिजे, डोक्याला तेल चोपडलेलं पाहिजे. ती आमची ब्राह्मी, माझी लेक. होय, तीच. होस्टेलवर राहून शिकत होती, नाटकात कामं करायची, कुणीतरी त्यांना दाखवली.

तर तो कँटीनचा सीन. सगळे सँडविच खातात, ही फडक्यातनं भाकरी काढते आणि बुक्कीनं कांदा फोडते — बघा, तुम्हीपण हसला. असू दे. आमच्या घरात, सर, कांदा येत नाही. जैन आम्ही. शेती आहे, ऊस आहे, पण कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत नाही. तिला तर फोडतासुद्धा येईना. तिथल्या भांडी घासणाऱ्या रंगूबाईनं शिकवलं म्हणे. डायरेक्टरला म्हणाली, 'आमच्यात खात नाहीत.' तो म्हणाला, 'खेड्यात सगळे खातात.' त्यांचं खेडं एकच असतंय बघा. त्यात आम्ही नाही, धनगर नाही, रंगूबाई नाही — नुसता कांदा. पण तिनं खाल्ला नाही हं. नीट बघा, तोंडापर्यंत नेते आणि सीन तुटतो. तेवढं मी लय वेळा बघितलंय.

सांगलीत लागला तेव्हा हौसेनं मला घेऊन गेली. पर्युषण नुकतंच संपलेलं, निम्मे पाहुणे थेटरात. कांदा फुटला आणि अख्खं थेटर हसलं. मागनं आमचा भरतेश — सख्खा भाऊ — म्हणतोय, 'दादा, मार्केट यार्डात कांद्याचा गाळा घ्यायचा का आता?' इंटरव्हलला दिवे लागले आणि मी उठलो. ती म्हणाली, 'आप्पा, थांबा की. पुढं एक वाक्य माझं आहे. भांडून घातलंय.' मी म्हणलं, 'बघितलं तेवढं लय झालं.' बाहेर येऊन रिक्षात बसलो. ती आत गेली, एकटी. घरी आली तेव्हा मी ताटावर होतो. काय वाक्य घातलंस — एवढं विचारायला किती वेळ लागतो? पुढं नोकरी लागली, सणाला यायची, जायची. तिनं विषय काढला नाही, मीही नाही.

नको — सांगू नका. तुम्हाला तिचं ते वाक्य पाठ असणार, ठाऊक आहे मला. पोरं येतात, इथंच उभं राहून म्हणायला लागतात, मग मी मशीन चालू करतो. घरघरीत ऐकू येत नाही.

न्या सर, घेऊन जा. दाखवा पोरांना. आणताना रिवाइंड करू नका, ते मी करतो. शेवटापासून सुरुवातीपर्यंत कितीदा फिरवली असेल, हिशेब नाही. इंटरव्हलनंतरचं मात्र मी अजून बघितलेलं नाही.