नाव घ्या, मंगलाकाकू

नाही गं रंजना, उखाणे लिहिणं बंद केलंय मी — आता नाही जमत. एवढ्या उन्हाची कशाला आलीस? आईला सांगून आलीस का चोरून? — वाटलंच. बरोबर आहे तिचं. त्या जयश्रीच्या लग्नात शोभा झाली ना माझी! अख्ख्या कोसाडच्या पोरींना उखाणे दिले मी, साडीच्या खोक्यातल्या पुठ्ठ्यावर लिहून — कधी चूक नाही. आणि जयश्रीच्या पुठ्ठ्यावर नवरदेव योगराजच्या जागी आमच्या ह्यांचं नाव! ती पडली गुजराती शाळेतली, मांडवात घाबरली, पुठ्ठा काढून अक्षर लावत लावत जसंच्या तसं वाचलं. सासरा लालबुंद, बाया हसून हसून बेजार. म्हणे, मंगलाकाकूचं डोकं फिरलं. फिरलं कसलं — प्रत्येक उखाणा मी आधी ह्यांच्याच नावाने जुळवते, मग नाव बदलते. त्या दिवशी बदलायचं राहिलं, बस.

अगं, हे असताना नाव घ्यायला सगळ्या सवाष्णींत मी पुढे. हे तिकडे सचिन गावच्या कारखान्यातून रात्रपाळी करून यायचे, डोळे तांबारलेले, तरी विचारायचे — आज कोणता घेतलास? एरवी नवऱ्याचं नाव कुठे घेतो आपण? अहो, ऐकलं का — ह्यातच संसार सरला. नाव तोंडात यायचं ते उखाण्यातच. हे गेले, तेही गेलं. विधवेला कोण म्हणतं, नाव घ्या? जीव नकोसा झाला होता, गावी निघालेच होते — तर एक पोरगी आली, काकू, एक उखाणा द्या ना. लिहायला बसले, आणि हे जवळच येऊन बसल्यासारखं वाटलं. तेव्हापासून तेच. थकले गं, पण तेवढ्यावरच जगले. आणि खरं सांगू? मांडव हसत होता ना, तेव्हा मला मेलीला आनंद झाला. इतक्या वर्षांनी ह्यांचं नाव कुणीतरी मोठ्याने घेतलं, चारचौघांत —

काय म्हणालीस? — परत म्हण. — मी? मी नाव घेऊ? वेडी का काय तू! — थांब, आधी दाराला कडी घाल. हसू नकोस हं.

रात्रपाळीचा भोंगा झाला, डबा भरते ताजा,
लोटूरावांचं नाव घेते, नंबर पहिला माझा.

— जा आता. उद्या ये, तुझ्या कुंदनचा लिहून ठेवते. जा म्हटलं ना, बघत काय बसलीस!